कर्त्यामागे घर कोणाचे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीतील एक सहकारी अकस्मात निवर्तले. नोकरीची अजून सात वर्षे बाकी होती. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. गावाकडील मंडळी गाडीने येऊन पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनीच सर्व काही केले. परमुलखात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या रीतीस धरूनच ते झाले. चौथ्या दिवशी आम्ही समाचारास गेलो तेव्हा वहिनी भिंतीशी बसून होत्या. पेन्शनचे, विम्याचे, दिवसांचे बोलणे कोणी ना कोणी काढीत होते. त्या कशासच उत्तर देत नव्हत्या. आम्ही उठू लागलो तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली आणि विचारले, "भावोजी, क्वार्टर किती तारखेला सोडायचं?"

वाचकांपैकी ज्यांनी सरकारी क्वार्टरात संसार मांडला आहे त्यांना ह्या प्रश्नाचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावी मनुष्य मेला तर घर उरते. ते पडके असेल, भावाभावांत त्याच्या वाटण्या व्हायच्या असतील, पण दिवस घालायला ओटी असते. दिल्ली, कलकत्ता, नागपूर, मद्रास असे करीत बदलीच्या गावी आयुष्य काढणाऱ्याचे घर त्याच्या नावाच्या आदेशावर उभे असते. तो गेला की आदेश संपतो. आपल्या शास्त्राने सुतकाचे दहा दिवस मोजून ठेवले आहेत; पण अशा घरातील माणसे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुसरेच दिवस मोजू लागतात.

वहिनींना आम्ही नियम सांगितला, तो पुढे येईलच. परंतु घरी परतताना मनात आले की, जे घर आपल्या मालकीचे नाही त्यात कर्त्या माणसाच्या मागे त्याच्या माणसांना राहू द्यावे, ही कल्पना कायद्यात शिरली तरी केव्हा आणि कशी? रिकाम्या वेळी ग्रंथालयातून शोध घेतला तेव्हा असे आढळले की, ह्या कल्पनेला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो एका लहानशा वाक्यखंडाभोवती फिरतो, आणि त्याची सुरुवात आपल्यापासून फार दूर, स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी होते.

इंग्लंडातील कामकरी मनुष्य एकोणिसाव्या शतकात बहुधा भाड्याच्या खोलीत राही, आणि भाडे आठवड्याचे असे. अशा भाडेकरूचा घरावरील हक्क एका नोटिशीइतकाच लांब होता. आठवड्याची सूचना दिली की घरमालक मोकळा. तेथे विधवेचा प्रश्न वेगळा उद्भवतच नसे. कारण जिवंत भाडेकरूलाच जेथे शाश्वती नाही तेथे मेलेल्याच्या बायकोला ती कोठून असणार?

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ग्लासगोच्या गोद्यांत व दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामासाठी माणसांची रीघ लागली. घरे तेवढीच, माणसे मात्र वाढलेली. घरमालकांनी भाडी चढवली. घरातील पुरुष फ्रान्सच्या आघाडीवर आणि मागे बायकामुले चढे भाडे देण्यास असमर्थ, असे दृश्य गल्लोगल्ली दिसू लागले. १९१५ च्या जूनमध्ये शेटलस्टन भागात एका सैनिकाच्या कुटुंबास भाड्याच्या थकबाकीपायी बाहेर काढण्याचा घाट घालण्यात आला, तेव्हा सारी वस्ती रस्त्यावर आली आणि तो बेत फसला. गोवन भागात मेरी बार्बर ह्या गृहिणीने शेजारणींना एकत्र केले. घर खाली करवून घेण्यास अंमलदार आला की एखादी बाई घंटा वाजवी, आणि हातातले पीठ, ओले कपडे, जे असेल ते घेऊन बायका जिन्यात उभ्या राहत. नोव्हेंबरपर्यंत वीस हजारांच्या आसपास बिऱ्हाडांनी वाढीव भाडे देण्याचे थांबवले होते. १७ नोव्हेंबर रोजी काही कामगारांवरील भाड्याचे खटले शहरच्या न्यायालयात निघाले, तेव्हा हजारो माणसे दाराशी जमली आणि खटले मागे घेतले गेले. त्यानंतर लवकरच, डिसेंबर १९१५ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा केला. भाडे ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवले गेले, आणि भाडे नियमित देणाऱ्यास सहजासहजी काढता येणार नाही असे ठरले. मेरी बार्बर ह्यांचा पुतळा २०१८ साली गोवनमध्ये उभा राहिला.

ह्या कायद्याने भाडेकरूला घरात राहण्याचा जो हक्क दिला तो अगदी वैयक्तिक होता. तो विकता येत नसे, मृत्युपत्राने देता येत नसे. बंद मुठीतील वस्तूसारखा तो त्या माणसाजवळ होता, आणि मूठ निर्जीव झाली की तो नाहीसा होणार होता. युद्धाने विधवांची संख्या वाढवली होती, आणि मेलेल्या भाडेकरूच्या घरातील माणसांचे काय करायचे हा प्रश्न टाळणे शक्य नव्हते. १९२० साली भाडेनियंत्रणाचा नवा, विस्तृत कायदा झाला, त्यात व्याख्यांच्या कलमात शेवटी शेवटी एक खंड घालण्यात आला. त्याचा आशय असा की, 'भाडेकरू' ह्या शब्दात मृत्युपत्र न करता मेलेल्या भाडेकरूची, मृत्युसमयी त्याच्यासोबत राहणारी विधवा समाविष्ट समजावी. आणि विधवा नसेल, किंवा भाडेकरू स्त्री असेल, तर त्याचप्रमाणे सोबत राहणारी कुटुंबातील जी व्यक्ती, आपसांत न जमल्यास, न्यायालय ठरवील ती. मृत्युपत्राची अट पुढे गळाली.

आमच्यासारख्या कायद्याच्या कलमांवर पोट भरणाऱ्या माणसास ह्या खंडाची एक गोष्ट विशेष वाटते. त्यात कोणास काही 'द्यावे' असे म्हटलेले नाही. विधवेवर दया करावी, तिला सवलत द्यावी, असे शब्द नाहीत. ती स्वतःच भाडेकरू आहे, एवढेच म्हटले आहे. नवऱ्याच्या हयातीत जी 'सोबत राहणारी' होती तिची गणना त्याच्या मृत्यूच्या क्षणी बदलली. आणि कसोटी लावली तीही रक्ताची वा वारसाहक्काची नव्हे, तर सहवासाची: मृत्युसमयी सोबत कोण राहत होते? दूरच्या गावी सुखात असलेल्या थोरल्या मुलापेक्षा उशाशी बसलेली मुलगी त्या कलमाने जवळची ठरवली.

आता हा खंड समुद्र ओलांडून आपल्या मुलखात कसा आला ते पाहू. मुंबईतही पहिल्या महायुद्धात भाडी भडकली आणि १९१८ साली मुंबई प्रांताने युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धाने तोच प्रसंग पुन्हा आणला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई भाडेनियंत्रणाचा जो सत्तावन्न क्रमांकाचा कायदा झाला, त्याच्या पाचव्या कलमातील 'भाडेकरू' ह्या शब्दाच्या व्याख्येत आपला ओळखीचा पाहुणा भेटतो: मृत्युसमयी भाडेकरूसोबत राहणारी त्याच्या कुटुंबातील व्यक्ती, आपसांत न जमल्यास न्यायालय ठरवील ती. 'विधवा' हा शब्द स्वतंत्रपणे आलेला नाही. ती कुटुंबात आलीच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, हाच खंड पुढे चालवला, आणि सोबत राहणारे कोणी नसल्यास वारसास स्थान दिले.

गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींतून ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना ह्या कलमाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत कर्ता मनुष्य गेल्यावर त्याची बायको त्याच खोलीत मुले वाढवू शकली, शिवणयंत्र चालवू शकली, खानावळ काढू शकली, ह्याच्या मुळाशी व्याख्येतील हा अर्धा-पाऊण ओळीचा मजकूर होता. अर्थात त्याने भांडणेही उभी केली. आपल्या एकत्र कुटुंबात मृत्युसमयी सोबत राहणारी एकच व्यक्ती क्वचित असते. विधवा आहे, धाकटा दीर आहे, गिरणीत कामास आणलेला पुतण्या आहे. पावती कोणाच्या नावे व्हायची? 'आपसांत न जमल्यास न्यायालय' हे शब्द लंडनमधील लहान घरांसाठी लिहिले गेले होते. मुंबईच्या खोल्यांत त्यांना बरेच अधिक काम पडले. तरीही घरमालकाने विधवेस उद्या चालती हो म्हणावे, हे त्या कलमाने बंद केले.

येथवरचा इतिहास समाधानाचा वाटतो. परंतु त्याची दुसरी बाजू पाहिली की आपल्या वहिनींच्या प्रश्नाशी येऊन आपण थांबतो. कारण हा सारा कायदा खासगी घरमालकासाठी होता. सरकारने स्वतःच्या घरांना तो लागू केला नाही.

१९४७ च्या मुंबईच्या कायद्याचे चौथे कलम म्हणते की, सरकारच्या किंवा स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. दिल्लीच्या १९५८ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे तिसरे कलमही सरकारी जागा वगळते. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकिर्दीत विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या, त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीत कर्ता मनुष्य गेला तर ती खोली वारसाच्या नावे होणे हे भाडेनियंत्रण कायद्यातील हक्काने होत नसे. खात्याच्या नियमांनी व अर्जांनी होई. रस्त्यापलीकडील खासगी चाळीतील विधवा कायद्याने भाडेकरू होती, आणि अलीकडील सरकारी चाळीतील विधवा अर्जदार होती.

ही विसंगती आपल्याकडेच उपजली असे नाही. ती मूळ कलमाबरोबरच आली. १९१९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर, ज्यास मंत्री ॲडिसन ह्यांच्या नावाने ओळखतात, ब्रिटनच्या नगरपालिकांनी कामकरी वर्गासाठी भाड्याची घरे मोठ्या प्रमाणावर बांधली. घरे चांगली होती. बाग, न्हाणीघर, उजेड, सारे होते. पण भाडेकरूला कायद्याचे संरक्षण नव्हते. नगरपालिका ही लोकनियुक्त संस्था आहे, ती लोभी घरमालकासारखी वागणार नाही, म्हणून तिच्यावर बंधने नकोत, असा युक्तिवाद होता. १९४९ च्या सुमारास लंडनच्या नगरसंस्थेविरुद्धचा एक दावा सरदारांच्या सभागृहापर्यंत गेला, आणि तेथे ठरले की, संस्थेने रीतसर सूचना दिली म्हणजे घर खाली करण्यासाठी दुसरे कारण दाखवण्याची गरज नाही. म्हणजे विधवा घरात राही, ती नगरपालिकेच्या चांगुलपणावर. पुष्कळ नगरपालिका चांगुलपणाने वागल्याही असतील. पण ज्या स्त्रीचा नवरा कालच गेला आहे तिला समोरचा मनुष्य चांगला आहे की वाईट ह्याची परीक्षा करीत बसावे लागू नये, ह्यासाठीच तर कायदा असतो.

नगरपालिकेच्या घरांतील भाडेकरूंना ते संरक्षण १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने मिळाले. १९२० पासून मोजली तर साठ वर्षे लागली. ह्या कायद्याने भाडेकरूच्या पतीस वा पत्नीस, किंवा मृत्यूपूर्वी सलग बारा महिने सोबत राहिलेल्या कुटुंबीयास, घर चालू ठेवण्याचा हक्क दिला. मात्र एकदाच, पिढ्यान्‌पिढ्या नव्हे. 'कुटुंबीय' म्हणजे कोण, हेही ह्या वेळी लिहून काढले: आईबाप, आजीआजोबा, मुले, नातवंडे, भाऊ, बहीण, आणि काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणेसुद्धा. इंग्रजांचे कुटुंब आखूड असते असे समजणाऱ्या आपल्या लोकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी.

'कुटुंब' ह्या शब्दाने न्यायाधीशांना मधल्या काळात फारच सतावले होते. १९५० साली लंडनच्या अपील न्यायालयापुढे एक मनुष्य आला. तो एका भाडेकरू स्त्रीबरोबर वीस वर्षे राहिला होता. शेजारी त्यांस नवरा-बायकोच समजत, पण विवाह झालेला नव्हता. न्यायालयाने त्यास कुटुंबीय मानण्यास नकार दिला. १९७५ साली तसाच दावा एका वृद्ध स्त्रीचा आला, तिचा सहवास एकवीस वर्षांचा होता. ह्या वेळी न्यायालय म्हणाले की, सामान्य मनुष्य 'कुटुंब' ह्या शब्दाचा जो अर्थ करतो तो मधल्या काळात बदलला आहे. आणि तिचे घर राहिले. १९९९ साली सरदारांच्या सभागृहापुढे जो दावा आला तो एका धर्मादाय गृहसंस्थेच्या घराचा होता. दोन पुरुष १९७६ पासून एकत्र राहत होते. त्यांपैकी भाडेकरू असलेल्यास १९८६ साली अपघात होऊन तो पूर्णपणे परावलंबी झाला. दुसऱ्याने १९९४ पर्यंत, म्हणजे तो मरेपर्यंत, त्याची शुश्रूषा केली. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी ठरवले की, हाही कुटुंबीयच होय. ज्या समाजात जी नाती मान्य आहेत त्यांविषयी प्रत्येक वाचकाचे आपले मत असेल. आम्हास एवढेच दाखवायचे आहे की, ऐंशी वर्षांपूर्वी त्या कलमात घातलेली सहवासाची कसोटी किती लांब पोहोचली. आजाऱ्याच्या उशाशी कोण होते, हाच प्रश्न अखेर निर्णायक ठरला.

नगरपालिकेची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. तीन खोल्यांच्या घरात एकटा पुतण्या मागे उरला आणि दाराबाहेर चार मुलांचे कुटुंब वर्षानुवर्षे यादीत तिष्ठत आहे, असा प्रसंग नेहमीचा आहे. ह्यावर १९८५ च्या कायद्याने जी तोड काढली ती आम्हास फार विचारपूर्वक केलेली वाटते. मागे उरलेली व्यक्ती पती वा पत्नी असेल तर ह्या कारणास्तव तिला हलवता येत नाही. इतर कुटुंबीय असेल आणि घर त्याच्या गरजेहून मोठे असेल, तर नगरपालिका न्यायालयाकडे जाऊ शकते. पण मृत्यूनंतर सहा महिने उलटण्यापूर्वी त्याची नोटीस देता येत नाही, बारा महिने उलटल्यावरही देता येत नाही, आणि त्यास योग्य असे दुसरे घर उपलब्ध असल्यावाचून न्यायालय पहिले घर काढून घेत नाही. पहिले सहा महिने शोकाचे, त्यात नोटिशीने दार ठोठावू नये. वर्षानंतर मात्र जीव टांगणीस ठेवू नये. कायद्याच्या रुक्ष भाषेत कोणी तरी सुतकाचाच विचार केला होता असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु जो हक्क मिळतो तो आक्रसतोही. १९८० च्या ज्या कायद्याने हे संरक्षण दिले त्यानेच नगरपालिकेची घरे भाडेकरूंना सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला. पुढील दशकांत दहा लाखांहून अधिक घरे विकली गेली, त्या मानाने नवी बांधली गेली नाहीत, आणि उरलेल्या घरांवरील गर्दी वाढली. २०११ च्या कायद्याने इंग्लंडात १ एप्रिल २०१२ पासून सुरू होणाऱ्या नव्या भाडेपट्ट्यांपुरता हा हक्क पती, पत्नी वा जोडीदार एवढ्यांपुरताच ठेवला. मुलगा, मुलगी, बहीण ह्यांस तो करारात मुद्दाम लिहिला असेल तरच. आईची सेवा करीत पन्नाशी गाठलेली अविवाहित मुलगी आता त्या यादीत नाही. २०१३ पासून भाड्यासाठी सरकारी साहाय्य घेणाऱ्याच्या घरातील जास्तीच्या खोल्या मोजून साहाय्य कापण्यात येऊ लागले, एका खोलीस १४ टक्के, दोन वा अधिक खोल्यांस २५. मग घरात मृत्यू झाला तर मेलेल्या माणसाची खोली जास्तीची ठरते काय? हो, ठरते, पण ५२ आठवड्यांनंतर. नव्या एकत्रित साहाय्य-योजनेत ही मुदत सुमारे तीन महिन्यांवर आली. मुलाचे अंथरूण ज्या खोलीत अजून घातलेले आहे ती खोली हिशेबात कधी धरायची, हे कोणा कारकुनाला कागदावर लिहावे लागले असेल. तो आमचाच दूरचा भाऊबंद.

आता आपल्या घरी परतू. आपले क्वार्टर आणि विलायतेतील नगरपालिकेचे घर ह्यांत एक मोठा भेद आहे, तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते घर गरजेसाठी दिलेले असते, आपले क्वार्टर कामासाठी. जो काम करीत नाही त्याने ते अडवून धरले तर कामावर असलेला दुसरा सहकारी यादीत ताटकळतो. वाचकांपैकी अनेकजण ह्या क्षणीही त्या यादीत असतील. म्हणून वारसाने क्वार्टर मिळावे, असे कोणी मागत नाही. प्रश्न फक्त मृत्यू आणि बाहेर पडणे ह्यांमधील अंतराचा आहे.

ते अंतर वाढत गेले, ही आपल्याकडील इतिहासाची जमेची बाजू होय. पूर्वी ते मोजक्या महिन्यांचे होते. केंद्र सरकारच्या सामान्य निवासांसाठी २०१७ साली जे नियम झाले त्यांप्रमाणे क्वार्टरधारकाच्या मृत्यूनंतर कुटुंबास एक वर्ष नेहमीच्याच शुल्कात राहता येते, आणि त्या गावी स्वतःचे घर नसेल तर आणखी एक वर्ष. मुलास वा पत्नीस अनुकंपेने नोकरी लागली तर त्यांच्या नावे क्वार्टर मिळण्याची वाटही आहे. पण अनुकंपेच्या जागा सरळ भरतीच्या जागांच्या ५ टक्केच असल्याने ती वाट अरुंद आहे. मुदत संपल्यावर मात्र १९७१ चा सार्वजनिक जागांचा कायदा लागतो, आणि काल जी वहिनी होती ती कागदावर 'अनधिकृत रहिवासी' होते. विलायतेतील 'योग्य दुसरे घर' ही अट आपल्याकडे नाही. आपल्याकडे वेळ मिळतो. वेळेपलीकडे जे काही करायचे ते ज्याचे त्याने.

मुंबईच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात हाच प्रश्न पोलिसांच्या खोल्यांवरून उभा राहिला. त्या चाळींतील काही खोल्या सेवानिवास म्हणून पोलिसांकडे होत्या. कित्येक घरांतून मूळ शिपाई निवृत्त झाला वा मरण पावला आणि कुटुंब तेथेच राहिले. इतर रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे नवे घर मिळणार, मग ह्यांचे काय? २०२२ साली महाराष्ट्र सरकारने १५ लाख रुपये बांधकाम-खर्च घेऊन ह्या कुटुंबांनाही घर देण्याचे ठरवले. नियमाने ते रहिवासी नव्हते. पण दोन-दोन पिढ्यांच्या सहवासाकडे शासनाला काणाडोळा करता आला नाही. शंभर वर्षांपूर्वीची कसोटी येथे पुन्हा, कलमाविनाच, उपयोगी पडली.

एवढा सारा इतिहास वाचून आम्ही कोठे पोहोचलो? आमच्या मते तो एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो. मागे राहिलेल्या माणसाला सर्वांआधी निश्चिती हवी असते, आणि निश्चिती चांगुलपणातून येत नाही, ती लिहून ठेवल्याने येते. खासगी घरमालकाला सरकारने हे १९२० साली शिकवले आणि स्वतः शिकण्यास साठ वर्षे घेतली. ह्यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. ज्याच्या हाती नियम असतो त्याला तो पाठ असतो, आणि जो आपल्याला पाठ आहे तो समोरच्यासही ठाऊक असणार असे त्याला वाटत राहते, एवढेच.

हे आम्ही स्वतःवरून सांगतो. सहकारी निवर्तल्याची सूचना संबंधित खात्यास पाठवण्याची पत्रे आमच्या मेजावरूनच जातात, आणि मुदत संपत आल्याची आठवणपत्रेही. त्या पत्रांत कोणत्या तारखेस निवास रिकामे करावे हे ठळक अक्षरांत असते. तोवर राहण्याचा त्यांचा अधिकार आहे, आणखी एक वर्षासाठी अर्ज कसा करावा, सोबत काय जोडावे, हे त्यांत नसते. ते नियमपुस्तकात असते, आणि नियमपुस्तक आमच्या कपाटात. आपण सारे एकाच वेळी ती पत्रे लिहिणारेही आहोत आणि ज्यांच्या घरी ती उद्या येतील तेही आहोत.

त्या चौथ्या दिवशी आम्ही वहिनींना म्हणालो, "अजून पुरं वर्ष आहे, वहिनी. आणि गावाबाहेर इथं तुमचं घर नाही, तेव्हा अर्ज केला तर त्यापुढंही एक वर्ष."

त्यांनी बोटे मोजली असावीत. "म्हणजे ताईची बारावी इथूनच होईल," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, "हे एवढं लिहून द्याल का? आलेगेले सगळे वेगवेगळं सांगतायत."

आम्ही कोपऱ्यातील वर्तमानपत्राखालून एक जुने पाकीट ओढले आणि त्याच्या पाठीवर दोन तारखा लिहून दिल्या. त्यांनी ते पाकीट घडी करून देवाच्या फडताळात ठेवले. मुलीची परीक्षा मार्चमध्ये झाली. कुटुंब अजून येथेच आहे. दुसऱ्या वर्षाचा अर्ज आम्हीच लिहून दिला. आणि कचेरीतील त्या पत्राच्या मसुद्यात, रिकामे करण्याच्या तारखेच्या आधी, राहण्याच्या अधिकाराचे एक वाक्य घालावे, अशी टिपणी आम्ही वरिष्ठांकडे पाठवली आहे. ती अद्याप परत आलेली नाही. वाचकांपैकी ज्यांच्या मेजावर असे मसुदे आहेत, त्यांनी वरच्या टिपणीची वाट पाहू नये, एवढीच विनंती.